हजेरीचं बक्षीस

पासली,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

अहो,

पत्रास कारण एवढंच, की हितं रेंज न्हाई आणि रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर मला कुणी चढू देत न्हाई. आई म्हणती, नववा लागलेल्या बाईनं टेकाडाकडं बघायचंबी न्हाई. म्हणून कागद घेऊन बसलेय. एसटीचे ड्रायव्हर माऊली नसरापुरात थांबतात, त्यांच्याकडं देते, ते गॅरेजवर आणून देतील. त्यांना चहा पाजा. नुसतं "बरं, बरं" म्हणून पाना घेऊन आत पळू नका.

माझी तब्येत बरी. पाय सुजतात, पण वेल्ह्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ खाली डोकं करून नीट बसलंय, घोर करू नका. लाथा मात्र अशा घालतंय की विचारू नका. तुमच्यावरच गेलंय. आई येता-जाता ताटात तूप ओतती, मी नको म्हणाले की तिला राग येतो. रानात भाताचे राब भाजायला घेतलेत, सगळीकडं धूर, डोळे चुरचुरतात. बाकी हितं सगळं ठीक. तुमी जेवता का? का पुन्हा वडापावावर दिवस काढताय? विचारून उपयोग न्हाई म्हणा, खरं कोण सांगतंय.

तुमचे सोमनाथ भावजी परवा येऊन गेले. तुमाला म्हणाले असतील, विंझरला कुणाची तरी गाडी बंद पडलीय. विंझर कुठं, पासली कुठं. गाडी बघायला निघालेला मेकॅनिक पेरूची पिशवी घेऊन एवढ्या लांब घाट चढून येतो व्हय? मी लगेच ओळखलं. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आईच्या म्हशीचं कौतुक केलं, आणि आई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, कुमारला झालंय काय?"

"काय झालंय?" मी म्हणाले आणि पेरू चिरायला घेतला.

"आवं, म्या जीव तोडून इंजिन बांधतो. गेल्या टायमाला दिवा हिरवा झाला, बाजूचा सुटला, आन ह्यो आपला वरातीत चालल्यावानी निवांत. लोक आता त्याला हजेरीमास्तर म्हणत्यात. माईकवालासुदीक म्हनला, 'आले, हजेरीमास्तर आले.' समदी धावपट्टी हसली."

मीबी हसले. हसणारच. 'हजेरी' हा शब्द तुमच्या टीमला मीच दिला ना. दोन मोटारसायकली शेजारी उभ्या राहतात, दिवा लागला की सरळ रेषेत पळायचं, एवढीच ती शर्यत. जिंकणाऱ्याला मोठं बक्षीस, पण पहिल्या फेरीत जी टीम शेवटच्या रेषेपर्यंत धड पोचंल तिलाबी ठरलेले पैसे, हरली तरी. मी म्हणाले होते, जिंकायच्या नादाला लागायचं कशाला? बाकीच्यांच्या गाड्यांवर तेलकंपन्यांची, टायरवाल्यांची नावं. त्यांचं इंजिन फुटलं तर दुसरं येतं. आपल्या टाकीवर चेलाडी फाट्याच्या रसवंतीवाल्याचं एक स्टिकर, तेबी त्यानं दोन गलास रसाच्या बदल्यात चिकटवलेलं. आपण जायचं, बेतानं चालवायचं, रेषा ओलांडायची, हजेरी लावायची आणि पैसे घेऊन घरी यायचं. इंजिन उघडायला नको, टायर वर्षभर पुरंल. तुमी म्हणालात, "ह्ये बक्षीस न्हाई, भाडं हाय." मी म्हणाले, भाडं तर भाडं, भाड्यावर घरं चालतात.

पण भावजी म्हणाले ते ऐकून माझ्या हातातली सुरी थांबली. आपलं बघून बाकीच्यांनीबी हजेरी लावायला सुरुवात केली म्हणं. आता शर्यतवाल्यांनी नवा नियम काढलाय, सोळा तारखेपासून. गाडीनं आधी जो वेग दाखवलाय त्याच्या जवळपास तरी यायचं, न्हाईतर रिकाम्या हातानं घरी. म्हणजे हजेरी बंद. आणि दुसरं म्हणजे गॅरेजवरची पोरं तुटली. "रेसवाल्याचं गॅरेज" म्हणून खेड शिवापूरपासनं पोरं गाड्या घेऊन येत होती, ती आता "हजेरीवाल्याकडं कशाला" म्हणून दुसरीकडं जातात. हे काय माझ्या डोक्यात आलं न्हाई बघा. मला वाटत होतं आपण त्या बक्षिसावर जगतोय. आपण तर नावावर जगत होतो, आणि ते नाव मीच थोडं थोडं खाल्लं.

शिरवळच्या एका कारखान्यात भावजींना बोलावणं आलंय. सोळा तारखेला गाडी खरी पळाली तर ते थांबणार, न्हाईतर जाणार. कात्रजच्या कुणीतरी गाडी मागितलीय आणि तुमी त्याला न्हाई म्हणाला न्हाईत, हेबी कळलं. तुमी ती गाडी विकणार? लग्नात हळदीच्या अंगानं तिचं तेल बघायला गेलेला माणूस तुमी.

"त्यांनाच विचारा की," मी भावजींना म्हणाले.

"इचारलं. नुसता खाली बघतो."

इथवर लिहून उठले. म्हशीला पाणी दाखवलं, वाळवण आत घेतलं, ज्याची काही गरज नव्हती ते डबेबी पुसले. आता पुन्हा बसलेय. काय लिहायचं ते तुमाला ठाऊक हाय आणि मलाबी, म्हणूनच हात चालंना.

तुमी खाली का बघता ते फक्त मला ठाऊक हाय. आधी शर्यतीला गाडीवर बसायचे ते पप्पू भावजी पडले, त्यांचा पाय गेल्यातच जमा झाला, आणि तुमी घरी येऊन म्हणालात, "आता गाडीवर मी बसणार." तवा माझा चौथा संपत आला होता. तुमी गॅरेजात टायर काढत होता. मी तुमचा हात ओढला, पोटावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याची शपथ हाय, अर्ध्याच्या वर मूठ पिळायची न्हाई." तुमचा चेहरा एकदम उतरला. माझी शपथ मी घातलीच नसती. माझ्या किती शपथा तुमी मोडल्यात, तंबाखूची, उशिरा न यायची. मी काय मेले का? म्हणूनच तर ह्याची घातली.

आणि मग ती शपथ झाकायला हजेरीचं गणित काढलं. कुणी विचारलं तर सांगायला बरं, की आमी पैसे वाचवतोय. खरं तर मी तुमाला वाचवत होते. तुमी ती शपथ कुणाला सांगितली न्हाईत. माईकवाला हसला, लोक हसले, भावजींनी तोंड फिरवलं, तरी तुमी अर्ध्यावरच गाडी चालवलीत. एकदा तरी मोडाल अशी मला खात्री होती हो. तुमी मोडली न्हाईत, आणि आता मलाच ते सोसंना.

शेवटी फुलाबाई मावशींना विचारलं. आमच्या शेजारच्या त्या, निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. म्हणाले, "मावशी, शपथ सोडायची असंल तर 'सुटली' म्हणायचं ना?" त्या म्हणाल्या, "व्हय. ज्याची घातली त्यानं म्हणायचं." मी विचारलं, "आन पोटातल्याची घातली असंल तर?" मावशींनी कपाळाला हात लावला. "आगं येडे, तुझी घातली असतीस तर आत्ता सोडून दिली असतीस. ह्ये पोर बोलणार कधी, सुटली म्हणणार कधी? पोटातल्याची शपथ घालत्यात व्हय कुणी!"

मी बारावी सायन्स झालेली बाई. शपथेनं काय होत न्हाई हे मला कळतं. दिवसा कळतं. पण पोर जरा हलायचं थांबलं की मी पोटावर हात ठेवून बसते आणि मनात येतं, तुमी आत्ता कुठं असाल, हायवेला गाडी पिळली तर नसंल?

तेवढ्यासाठी लिहिलं. शपथ मोडू नका. गाडीबी विकू नका. दोन्ही एकदम कसं जमणार ते मला ठाऊक न्हाई, तुमी म्हणाल बायकोचं डोकं फिरलंय, तर फिरलंय. तुमी पडाल ह्याची भीती वाटते, आणि तुमी न पडता नुसतेच खाली बघत जगाल ह्याचीबी वाटते. माऊलींकडं दोन ओळींचं उत्तर द्या.

वाट बघत बसलेली,
सुलक्षणा


वेल्हे,
ता. १३ फेब्रुवारी २०२५

अहो,

आता रेंज हाय, फोनबी हाय, तरी लिहितेय. फोनवर तुमी "हं, हं" करता आणि ह्या वॉर्डात सगळ्यांचे कान माझ्याकडं. काल तुमी आलात, उभ्या उभ्या लेकीला बघितलंत, बोट पुढं केलंत आणि नखातलं ग्रीस बघून नर्सबाई ओरडल्या तसं मागं घेतलंत. माझ्या पत्राचं तुमी बोललात न्हाई, मीबी न्हाई. आई होती, तुमची मावशी होती. माझ्याकडं बघून नुसतं म्हणालात, "बरी हायस ना?" मी म्हणाले, व्हय. एवढं बोलायला तुमी नसरापूरहून आलात.

आता नीट सांगते. परवा पोटात कळा सुरू झाल्या, जीप मिळाली, फुलाबाई मावशी सोबत आल्या. हितं आल्यावर लवकर झालं म्हणतात, मला न्हाई तसं वाटलं. बाहेर आली ती रडंचना. डॉक्टरीणबाई तिला घेऊन बाजूला गेल्या, पाठीवर चोळत होत्या. आणि मी, तुमाला राग येऊ द्या, मी मनात तुमाला शिव्या घातल्या. म्हणाले, ह्यानं मोडली. कुठंतरी रस्त्यावर पूर्ण पिळून बघितली आणि मोडली. एवढ्या दिवसांत एकदाबी न मोडलेल्या माणसाला मी तसं म्हणाले. मग ती रडली. अशी रडली की शेजारच्या खोलीतल्या बाया दारात आल्या.

मावशी डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुटलीस गं बाई, सुटलीस."

मी ते ऐकलं आणि त्यांचा हातच धरला. "मावशी, ते शपथेचं?"

त्यांना आधी कळंचना मी काय विचारतेय. मग म्हणाल्या, "पोटातल्याची घातली हुतीस न्हवं?"

"व्हय."

"मग आता पोटात हाय कोण?"

त्या हसायला लागल्या. "रिकाम्या पोटाची शपथ कुणाला लागतीय गं? तू सुटलीस, शपथबी सुटली. झोप आता."

मला हसू आलं आणि रडूबी आलं. खरं खोटं मला ठाऊक न्हाई. एवढ्या महिन्यांचं ओझं मावशींनी एका बोलण्यात उचलून बाजूला ठेवलं, आणि मी ते उचलू दिलं.

पण खरं सांगू का, सुटका झाल्यावर तासाभरात पुन्हा भीती आली. आता तुमाला धरून ठेवायला माझ्याकडं काही न्हाई. ही कुशीत झोपलीय. टाळूवर हात ठेवून नवी शपथ घालायला कितीसा वेळ लागतो? आज सकाळपासून दोनदा हात उचलला. दुसऱ्यांदा तर तिच्या केसांना लागलाबी. मग मागं घेतला. हिला मी तुमची बेडी करणार न्हाई. तुमची बायको मी हाय, भ्यायचं काम माझं, तिचं न्हाई.

तवा कात्रजवाल्याला न्हाई म्हणून कळवा. सोमनाथ भावजींना सांगा, इंजिन बांधायचं तसं बांधा. त्यांना शपथेचंबी सांगा, त्यांनी उगाच तोंड फिरवलं होतं, माफी तरी मागतील. हरलात तर हरा, पैसे मिळाले न्हाईत तरी चालंल, आपण पुढचं पुढं बघू. पण हरायचं तर पळून हरा. पप्पू भावजी पडले ते रेषेच्या पुढं, थांबताना, एवढं मात्र ध्यानात ठेवा. पळताना न्हाई, थांबताना बघून. हे पत्र त्यांच्याच हातात देते, ते डिंकाचे लाडू घेऊन आलेत आणि बाहेर बाकावर पाय लांब करून बसलेत. त्यांना विचारलं, "भावजी, सोडू का ह्यांना?" त्यांनी लांब केलेला पाय हातानं उचलून जवळ घेतला. मग म्हणाले, "वहिनी, सोडा. म्या सोमनाथला म्हणलो हुतो, ह्यो भ्याला. चुकलो."

रविवारी मी फोन जवळ ठेवणार न्हाई, आईकडं देणार. शर्यत झाली की तुमी तिला फोन करा, जिंकलं-हरलं नंतर सांगा, आधी नुसतं "हॅलो" म्हणा.

लेकीचं नाव अजून ठरलं न्हाई. बारशाला या, दोन्ही पायांवर चालत या.

शपथ न घालता, नुसतंच सांगणारी,
तुमची सुलक्षणा