ह्याला उदास म्हणत नाहीत

४ नोव्हेंबर
हे फील्ड पोस्टिंगला गेले, तिथं कुटुंब नेता येत नाही. काळी ट्रंक ट्रकमध्ये चढली, हात केला, संपलं. कँटोन्मेंटातलं क्वार्टर आम्हाला ठेवता येतंय, तरी सासूबाईंचा साताऱ्याहून फोन. "दिल्लीत एकटी काय करणार? ओवीला घेऊन गावी ये." मन कसंतरीच. उदास असेल, दुसरं काय.

५ नोव्हें.
कुणाचा नवरा फील्डला गेला की क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायका बसायला येतात. आल्या. शेजारची सुनीता खीर घेऊन. "रो लो भाभी, मन हल्का हो जाएगा." रडू येईना, आणि सगळ्या वाट बघतायत! शेवटी आत जाऊन कांदा चिरला.

८ नोव्हें.
उदास लिहिलं ते चुकलं. उदास असले की मला जेवण जात नाही. आज ठेच्याशी दोन भाकऱ्या. मग हुरहूर? ओवीने विचारलं, "मम्मी, हुरहूर मतलब?" दिल्लीत वाढलेली पोर. म्हटलं, कुणाची वाट बघताना पोटात होतं ते. "पापा की?" मी कुकर बघायला उठले. हुरहूरही नाही.

१२ नोव्हें.
मोकळं. मोकळं वाटतंय मला. लाज वाटली लिहिताना, पण खोडणार नाही. हे वाईट नाहीत. हात कधी उगारला नाही. पण घरातही परेड. चपला रांगेत, टीव्ही त्यांचा, मी बोलायला लागले की "मुद्द्यावर ये."

१५ नोव्हें.
ह्यांचा फोन. "उदास असशील. गावी जा, तिकीट काढतो."
नको म्हटलं.
"का?"
"बरं वाटतंय इथं."
"मी नसताना?"
खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं. "ठेवतो" म्हणाले.

१७ नोव्हें.
फोन नाही. सासूबाईंचा मात्र आला. "काय बोललीस गं त्याला? जेवला नाही म्हणे." वाईट वाटलं, फार. भीतीही वाटतेय. पण पश्चात्ताप नाही, आणि ह्या तिन्हींचा घोळ मी होऊ देणार नाही. बॅग माळ्यावर आहे, तिथंच राहील.

२० नोव्हें.
ह्यांचा मेसेज. "डिसेंबरात रजा मिळतेय. येऊ का?"
लग्न झाल्यापासून हे नुसतं "येतो" म्हणून कळवत आले. विचारलं आज.
आनंद नाही, रागही नाही. ह्याला काय म्हणायचं, मला अजून सुचत नाही. उत्तर पाठवलेलं नाही. वाट बघू देत.