सोळाव्या घरातला टाका

प्रिय साडूभाऊ यांस,

थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, पुलाचा तो हट्टी खांब एकदाचा सरळ उभा राहिला असेल आणि साइटवरचा स्वयंपाकी अजून पळून गेला नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की खोडून टाका.) फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं भिंतीपलीकडे पोचतं, आणि तिखट कान काय ते आपल्यालाच आहेत हा माझा गैरसमज लग्नानंतर लगेच दूर झाला. धाकटीने तुम्हाला तिची बाजू सांगितली असेलच. ती खरी आहे. आमच्या हिची बाजूही खरी आहे. माझी बाजू मात्र कोणी विचारलेली नाही, म्हणून हे पत्र. आणि आधीच बजावून ठेवतो, की यात माफी शोधू नका, सापडणार नाही.

प्रकरण असं. आपल्या दोघांच्या बायका ज्या विणकाम मंडळात जातात त्याची स्पर्धा झाली. पूर्ण बाह्यांचं स्वेटर विणायचं, परीक्षकबाईंनी दोष काढायचे, दोषांची बेरीज ज्याची कमी तो पहिला. परीक्षकबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणबाई. त्या स्वेटरकडे भिंगातून बघतात आणि माणसांकडे चष्म्यावरून. त्यांनी दोष फोनवर भरायचे आणि निकाल सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर आपोआप लागायचा, अशी वेबसाइट यंदा मंडळाला हवी होती. ती मी करून दिली. फुकट. (फुकट केलेल्या कामाबद्दल माणसाला जेवढं ऐकून घ्यावं लागतं तेवढं दाम घेऊन केलेल्या कामाबद्दल मला कधीच ऐकावं लागलेलं नाही, एवढी नोंद तुम्ही तुमच्या धंद्यासाठीही करून ठेवा.)

मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही हे तुम्ही जाणताच. माझं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान आणि शेजारचा कॉम्प्युटर क्लास यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती, आणि त्या भिंतीला कान लावून मी वेब प्रोग्रामिंगचा अख्खा कोर्स केला. पुढे क्लास बसला, जागा मी घेतली, आज तिथे माझं ऑफिस आहे आणि ते प्लायवूड मी मुद्दाम काढलेलं नाही. अशा शिक्षणात खोट एकच: मास्तर जे बोलले ते सगळं मला येतं, त्यांनी जे फळ्यावर काढून दाखवलं ते येत नाही. आणि दशांश अपूर्णांक कॉम्प्युटरच्या पोटात कसे साठतात हे त्या गृहस्थांनी नेमकं फळ्यावर काढलं. मला फक्त खडूचा आवाज आला. 'हे असं, मग हे असं, कळलं?' असं ते म्हणाले, वर्ग 'कळलं' म्हणाला आणि भिंतीमागे मीही मान हलवली. ती मान हलवणं मला इतक्या वर्षांनी नडलं.

निकाल लागला तेव्हा पडद्यावर काय दिसलं? पहिला क्रमांक आमची ही, दोष ०.६. दुसरा क्रमांक धाकटी, दोष ०.६. सभागृहात आधी टाळ्या झाल्या, मग टाळ्या विरळ होत गेल्या, मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, 'घरचं मशीन, घरचा निकाल!' मला चिडायला तेवढं पुरे होतं. मी काही लपवलेलं नव्हतं. वाचायला सोपं जावं म्हणून आकडा एका घरापर्यंत छाटून दाखवत होतो, क्रम मात्र पूर्ण आकड्यावरून लागत होता. मी ताडकन उठलो आणि सगळ्यांच्या देखत छाटणी काढून टाकली. हिच्या नावापुढे स्वच्छ ०.६ आणि धाकटीच्या नावापुढे ०.६००००००००००००००१. तुम्ही पूल बांधता, तुम्हाला सांगायला नको. एवढ्या फरकाने तुमच्या पुलाला काही होत नाही. माझ्या घराचा पार पाया खचला. धाकटी उठून उभी राहिली, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'भाऊजी, एवढी शून्यं कोणी विणली? आणि शेवटचा तो टाका माझा नाही!' आणि स्वेटर काखेत मारून निघून गेली.

तशीच ती थेट आमच्या घरी गेली. सासूबाईंच्या त्या लाकडी सुया तुम्हाला ठाऊक आहेत. एकीचं विणून झालं की दुसरीकडे जातात, सासूबाई गेल्यापासून यात खंड नाही. हे स्पर्धेचं स्वेटरही दोघींनी पाठोपाठ त्याच सुयांवर विणलं. धाकटीने दोन्ही नेल्या असत्या तर भांडण तरी झालं असतं. तिने एकच नेली. टोपलीत एक सुई उरली आणि तिच्याकडे एक गेली, म्हणजे आता दोघींनाही एक टाका घालता येत नाही. हिने दुसऱ्या सुया विकत आणायला साफ नकार दिला. रोज संध्याकाळी लोकर मांडीवर घेऊन ती एका सुईकडे बघत बसते, आणि मग ती सुई खाली ठेवून माझ्याकडे बघते.

आता गणित ऐका, कारण मी ते शेवटी शोधून काढलंच. परीक्षकबाई स्वेटर जिथून सुरू झालं तिथून तपासतात. आमची ही खालच्या बॉर्डरपासून वर चढते, धाकटी गळ्यापासून खाली उतरते. हिचे दोष भरले गेले ०.३, ०.२, ०.१ असे, धाकटीचे ०.१, ०.२, ०.३ असे. तेच तीन आकडे, फक्त उलटे. कागदावर कशीही बेरीज करा, सारखीच येते. कॉम्प्युटरकडे मात्र वजनं असतात ती सगळी अर्धं, पाव, अर्धपाव, त्याचंही अर्धं अशी. त्या वजनांनी हे असले दशांश कधीच नेमके तोलता येत नाहीत. थोडं कमी पडतं किंवा थोडं वर जातं, आणि कुठून मोजायला घेतलं त्यावर ती थोडी खोट कधी मिटते, कधी साठते. हिची मिटली. धाकटीची साठून सोळाव्या घरात जाऊन बसली. अशी माझ्या बायकोने माझ्या सख्ख्या मेहुणीला धूळ चारली.

शहाणे प्रोग्रामर अशा कामाला साधी बेरीज वापरतच नाहीत, हेही तेव्हा कळलं. कोणीतरी लिहून ठेवलेली एक लायब्ररी मिळते, ती आपल्या पानाला जोडायची. ती शाळेतल्यासारखी दहादहाच्या घरांनी बेरीज करते, आणि किती घरांपर्यंत अचूक हवं ते आपण सांगायचं. मी दोनशे सांगितली. (एकदा चारचौघांत नाक कापलं गेल्यावर माणूस हात आखडता घेत नाही.) जोडली, चालवली, आणि धाकटीच्या नावापुढे पुन्हा तोच शेवटचा एक! कारण बेरीज मी जुन्याच रीतीने करून तयार उत्तर तिच्या हातात दिलं होतं, आणि तिने ते इमानाने जसंच्या तसं जपलं. तिची रीतच वेगळी. आकडा तिला आकडा म्हणून द्यायचा नाही, अवतरणचिन्हांत घालून शब्दासारखा द्यायचा. अधिकच्या चिन्हाला हात लावायचा नाही, 'प्लस' असं अक्षरांत लिहायचं. या घरात इतकी वर्षं शब्द जपून वापरल्यामुळे मला ते लवकर जमलं. दोनशे घरांचा त्रास मात्र तिसऱ्या आलेल्या बाईंना झाला. बेरजेखाली साइट दर जागेची सरासरीही दाखवते; त्यांच्या सरासरीत दोननंतर तिनांची अशी रांग लागली, की ती फोनच्या पडद्याबाहेर गेली, आणि 'माझे दोष कुठे संपतात ते तरी सांगा' असा त्यांचा निरोप आला.

बेरीज सारखी आली. बरोबरी! मी ती जाहीर करणार म्हटल्यावर ही म्हणाली, 'आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या धंद्याचा मला उपयोग झाला, तोही परत करायला निघालात?' मी म्हटलं, निघालो. ती म्हणाली, बाहेरच्यांच्या वेबसाइटी चुकतात तेव्हा एवढा जीव जळतो का? मी म्हटलं, जळतो. (जळत नाही. पण साडूभाऊ, अशा वेळी माघार घेतली की संपलं.) आणि काल संध्याकाळी, कोणाला न विचारता, मी दुरुस्त निकाल वेबसाइटवर लावला. यापुढे मला कोणी घरचं मशीन म्हणू नये म्हणून प्रत्येक दोष परीक्षकबाईंच्या शेऱ्यासकट वेगळा मांडला. बॉर्डरचे टाके सैल, ०.३. बाहीचा मुंढा आवळलेला, ०.२. गळ्याला एक टाका जास्त, ०.१. दोघींना तेच, शब्द न् शब्द तेच. क्रमांक पहिला, विभागून. आता ही बोलत नाही, धाकटी फोन उचलत नाही आणि मंडळाने आभाराचं पत्रही पाठवलेलं नाही. तरीही मी म्हणतो, की मी केलं ते बरोबर केलं. सगळ्यांनी मिळून पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन, आणि यावेळी दोनशे घरांपर्यंत सांगेन.

गुडघ्याला जपा. खांबाला माझा नमस्कार सांगा.

तुमचा, अजून ताठ मानेने हिंडणारा,
थोरला साडू

ता. क. खरं कारण आता लिहितो. धाकटी तुमचं ऐकते असं तुम्ही नेहमी सांगता. तेव्हा तिला तेवढी सुई परत करायला सांगा. बक्षिसाची ढाल मी तुमच्याकडे पोचवतो, वर्षभर राहू द्या, तुमच्या दिवाणखान्यात ती शोभेल. मला फक्त संध्याकाळी माझ्याकडे न बघता सुयांकडे बघणारी बायको परत हवी आहे.

ता. क. दुसरा. वरचं राहू द्या, धाकटीला काही सांगू नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दाराची बेल वाजली. धाकटी, आणि हातात सुई. आत जाऊन दोघींनी दार लोटलं. मी प्लायवूडवर घडलेला माणूस, साध्या लाकडी दाराचं ते काय. काल रात्री दोघींनी आपापल्या घरी ते शेरे वाचले आणि दोघींच्याही मनात एकच आलं. सासूबाईंनी मला लग्नात विणून दिलेलं स्वेटर कपाटातून बाहेर आलं, उलटं झालं. बॉर्डरचे टाके सैल. मुंढा आवळलेला. गळ्याला एक टाका जास्त. मग धाकटी म्हणाली, 'ताई, आई तो टाका मुद्दाम घालायची गं, डोकं अडकू नये म्हणून.' आणि ही म्हणाली, 'मग त्या भिंगवालीने दोष कुणाचा काढला?' दार उघडलं तेव्हा दोघींचा आवाज एक होता. हे दोष नाहीत, पद्धत आहे. तिन्ही जागी शून्य घाला! म्हणजे शून्य अधिक शून्य अधिक शून्य. वरून मोजा, खालून मोजा. एवढ्यासाठी माझी जुनी बेरीजही पुरली असती.

ता. क. तिसरा. मी नाही म्हटलं. परीक्षकाने दिलेला आकडा मी बायकोसाठी बदलला नाही, तर सासूबाईंसाठीही बदलणार नाही. बाईंनी स्वतः शून्य भरलं तर मशीन शून्य दाखवेल. 'बरं,' म्हणून दोघी बाईंकडेच जाऊन आल्या, मला वाटतं सुया हातात घेऊनच. बाई बधल्या नाहीत. एका स्वेटरवरून पद्धत ठरत नाही, म्हणाल्या, त्याच हातचं दुसरं दाखवा. दुसरं जगात एकच आहे, तुमच्या लग्नातलं. तेव्हा ते ट्रंकेतून काढा, उलटं करा आणि बॉर्डर, मुंढा, गळा असे तीन फोटो हे पत्र मिळेल त्या दिवशीच पाठवा. हरवलं असं सांगू नका. तुम्ही ते पुलाच्या साइटवर उकळत्या पाण्यात धुतलंत आणि ते आता बाहुलीच्या मापाचं झालंय, हे मला कधीपासून माहीत आहे (फोन चालू असताना तुम्ही तिकडे स्वयंपाक्यावर ओरडत होतात, आणि धाकटी आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून पाणी आणायला आत गेली होती). मी आजवर कोणाला बोललो नाही. आटलं असलं तरी बेलाशक पाठवा. टाके तेच असतील, जरा दाटीवाटीने बसलेले असतील, एवढंच.