इन द पिंक

कळंब, मंगळवार

आज आठवीला इंग्रजीतले रंगांचे वाक्प्रचार घेतले. ‘व्हाइट लाय’ म्हणजे समोरच्याचं मन राखायला बोललेलं खोटं. ‘इन द पिंक’ म्हणजे ठणठणीत. चाचणीत सुनीतानं त्याचा अर्थ लिहिला, ‘कपाशीच्या बोंडाले गुलाबी अळी लागली.’ मी लाल फुली मारली.

“मॅडम, पिंक म्हंजे गुलाबीच ना? मंग चुकलं काहून?”

वर्गात कुणीच हसलं नाही. मी म्हटलं, पुस्तकातलंच लिहायचं. काय बोलले मी हे?

संध्याकाळी गावाकडे बाबांना फोन केला. “कसे आहा? अन् कपाशी?”

“दोघंबी ठणठणीत.”

मागून आईचा आवाज आला, “समदी बोंडं किडली, सांगा ना तिले.”

बाबांनी फोन ठेवला.

सुनीताला शून्य दिलंय. बाबांना किती देऊ?