चार नंबरची अदलाबदल

बाबा,

चार नंबरच्या अदलाबदलीची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी मी त्या दिवाळीला नागपूरला येऊन, तुमच्यासमोर बसून सांगणार होते. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत. त्याला आता इतकी वर्षं झाली की माझे स्वतःचेच गुडघे खेळणं सोडून बसलेत. गेल्या आठवड्यात डॉक्टरनं विचारलं, "पूर्वी काही खेळत होतात का?" मी म्हटलं, बास्केटबॉल. बास, तेव्हापासून डोक्यात तुम्ही आहात. म्हणून लिहितेय.

तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर लंडनच्या क्रॉयडनला आलात तो हिवाळा आठवतो? दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात मी आणि ती. ती म्हणजे तुमचीच विद्यार्थिनी, शाळेमागच्या तुमच्या ग्राउंडवर माझ्याबरोबर वाढलेली आणि योगायोगानं माझ्याच कंपनीत इंग्लंडला आलेली. तुम्ही येणार म्हटल्यावर तिनं आपली खोली तुमच्यासाठी रिकामी केली आणि गादी उचलून माझ्या खोलीत आली. मी नको म्हटलं नाही. तुम्ही पहिला आठवडा फार कंटाळलात. चार वाजता अंधार पडतो, रस्त्यात कुणी बोलत नाही, शेजारच्याला "जय भीम" म्हटलं तर तो "गुड, थँक्स" म्हणतो. मग पहिल्या रविवारी तुम्हाला आमच्याबरोबर लेझर सेंटरला, म्हणजे इथल्या क्रीडासंकुलात, नेलं. हॉलचं दार उघडलं, आत बुटांचा आवाज ऐकू आला आणि तुम्ही मफलर सोडलात. निवृत्त पी.टी. मास्तर पुन्हा कामावर रुजू झाले. पुढच्या रविवारी तुमच्या हातात वही होती.

बायकांची लीग होती ती, आठ टीम, सगळ्या हौशी. आमच्यात निम्म्या सॉफ्टवेअरवाल्या, दोन नर्स, एक शाळेतली टीचर, आणि कॅप्टन मी. त्या वर्षी आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो आणि मला पहिला हवा होता. हे तुम्हाला सांगायला नको, तुमचीच मुलगी. एकच जागा दुखत होती. इथे तिला पॉवर फॉरवर्ड म्हणतात. तुमच्या ग्राउंडवर नुसता चार नंबर. बोर्डाखाली उभं राहायचं, धक्के खायचे, दुसऱ्यांनी चुकवलेला चेंडू ओढून आणायचा आणि टाळ्या वाजतात तेव्हा पुन्हा मागे पळायचं. ते काम ती करत होती. उंची बेताची, त्यात डावा गुडघा कुरकुरत होता. तुमच्या वहीत तिच्या नावापुढे रिबाउंडच्या, म्हणजे ओढून आणलेल्या चेंडूंच्या, रेघा कमी आणि समोरच्या टीमच्या जास्त, हे मला तुमच्या खांद्यावरून दिसायचं.

आमच्या लीगमध्ये एक प्रथा होती. जानेवारी संपायच्या आत दोन टीमनी आपसात एक-एक खेळाडू बदलला तरी चालायचं. एक फॉर्म, त्यावर दोन्ही कॅप्टनच्या सह्या. ज्या खेळाडूची बदली होणार तिच्या सहीला त्यावर जागाच नव्हती. सगळ्या एकमेकींना ओळखतात, बोलून घेतील, असं फॉर्म बनवणाऱ्यांनी धरून चाललं असणार.

ती ऑफिसमध्ये उशिरा थांबली होती त्या संध्याकाळी आपण दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. मी तुमच्यापुढे तीन पर्याय मांडले. मला अजून मजा वाटते, जगातल्या कुठल्या मुलीनं बापाशी मटार सोलताना ही चर्चा केली असेल? पहिला पर्याय, शेजारच्या टीममधली ती सहा फुटी पी.ई. टीचर. तिच्या बदल्यात त्यांना आमची चेंडू पुढे आणणारी मुलगी हवी होती. "मग चेंडू पुढे कोण आणील, मी?" तुम्ही म्हणालात. दुसरी, मँचेस्टरहून वर्षभरासाठी आलेली स्टुडंट. उडी छान, पण ईस्टरला परत जाणार आणि फायनल ईस्टरनंतर. तुम्ही नुसती मान हलवलीत. तिसरी लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या, एजवेअरच्या टीममधली लिथुएनियन. बेकरीत पहाटेपासून कणकेशी कुस्ती करायची, त्यामुळे हाताची पकड अशी की एकदा चेंडू धरला की देवानंही मागू नये. आणि एजवेअरला तिच्या बदल्यात आमचाच चार नंबर चालणार होता. त्यांच्याकडे वेळेवर येणाऱ्या बायका कमी होत्या.

तुम्ही बराच वेळ बोटांनी दाणे वाटीत ढकलत राहिलात. मग म्हणालात, "चौथा पर्याय आहे."

"कोणता?"

"तू पास देत जा."

"बाबा, मी सिरियसली विचारतेय."

"मीपण सिरियसलीच सांगून राहिलो. ती जागा बरोबर धरते. हात वर करते. तू बघतच नाहीस तिच्याकडे, सरळ मारतेस. दहा वेळा चेंडू आला नाही तर अकराव्यांदा कोणाचे पाय हलतील? दोष चारमध्ये नाही बेटा. तुझ्यात आहे."

मला राग आला. खरं असल्याशिवाय इतका राग येत नाही, हे आज कळतं. तेव्हा मी वाटी उचलून सिंकपाशी गेले. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिचं कोचिंग सुरू केलंत, तेही स्वयंपाकघरात. फ्रिजकडे पाठ करून, गुडघे वाकवून, ढुंगणानं फ्रिजला मागे रेटायचं. "हा समोरच्या टीमचा सेंटर समज. याला आत येऊ द्यायचं नाही." ती रेटत होती, वरचे डबे खडखडत होते, तुम्ही मोजत होता आणि तिला हसू आवरत नव्हतं. "सर, फ्रिज फाउल करून राहिला!" मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही दोघं इतके खूश होतात की मला आत यावंसं वाटलं नाही. जळत होते मी, दुसरं काय.

शुक्रवारी मी एजवेअरच्या कॅप्टनला भेटून फॉर्मवर सही केली. घरी आले, तिच्या हातचं वरण जेवले, आणि सांगितलं नाही. शनिवारी सांगू म्हटलं. शनिवारी ती तुम्हाला ट्राममधून विम्बल्डनपर्यंत फिरवून आणायला गेली, येताना दोघं नाकं लाल करून हसत आलात. रविवारी सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तिनं तर्री पोहे केले होते.

आणि नेमका त्या रविवारी सामना एजवेअरशी होता. ती बाकावर बसून बुटाची लेस बांधत होती. एजवेअरची कॅप्टन, इथेच जन्मलेली आपली मराठी पोर, हातात हिरवा शर्ट घेऊन हसतच आली. "वेलकम! तू आजपासून आमचा टीममध्ये." तिला कळेना. त्या कॅप्टनचं हसू गेलं, तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग तिला म्हणाली, "ओह. तुला सांगितला नाही कोणी? आय थॉट यू न्यू."

आपल्या चार नंबरनं माझ्याकडे बघितलं नाही, बाबा. तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला तरी माहीत होतं का, एवढंच तिला हवं होतं. तुमचा चेहरा पाहून तिला उत्तर मिळालं, नव्हतं. तिनं दुसरी लेस बांधली, शर्ट घेतला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. तुम्ही वही आणि मफलर उचललंत आणि तिच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसलात. चाळीस मिनिटं मी माझ्या बापाच्या समोरून पळत होते आणि तो दुसऱ्या टीमच्या रेघा मारत होता. तो सामना आम्ही जिंकलो. लिथुएनियननं बोर्डाखालचा एकही चेंडू सोडला नाही.

घरी आल्यावर तिनं तिघांचा चहा ठेवला. ती कपडे बदलायला गेली तेव्हा तुम्ही बोललात, आवाज न चढवता. "बदल करावा लागतो. मी किती केले असतील. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण तिच्या खोलीत मी झोपतो, तिच्या हातचं तू खातेस, आणि तिला दुसऱ्याकडून कळावं? काहून गं? इतकी काहून भ्यालीस?" मी चहा गाळत राहिले. उरलेले बारा दिवस तुम्ही माझ्याशी मिठाचा डबा कुठे आहे एवढंच बोललात. ती मात्र दर रविवारी क्रॉयडनहून एजवेअरला जायची, दीड तास जाताना, दीड तास येताना, तेही एकदाही उशीर न करता. निघताना मला "ऑल द बेस्ट" म्हणायची. हीथ्रोवर तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. मला म्हणालात, "फायनल झाली की फोन कर."

एप्रिलमधली फायनल. ती प्रेक्षकांत येऊन बसली होती, आमच्यासाठी टाळ्या वाजवत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक नंबर दाबले. तुमच्याकडे संध्याकाळ. तुम्ही नेहमीसारखं "जय भीम" म्हणालात आणि लगेच, "सांग."

मी म्हटलं, "हरलो, बाबा."

का म्हटलं, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. जिंकलो म्हटलं असतं तर ते "बघा, माझंच बरोबर होतं" असं ऐकू गेलं असतं, आणि तुम्ही "छान" म्हणून फोन ठेवला असता. मला तुमचं छान नको होतं. मला तुम्ही परत हवे होता.

"कितीनं?"

"दोन पॉइंटनं."

मग म्हणालात, "दोन म्हणजे काहीच नाही, बेटा. दोन म्हणजे एक चेंडू रिंगवरून बाहेर पडला, बास." आणि तुम्ही बोलत राहिलात. आयुष्यात तुम्ही माझ्याशी सलग इतकं कधी बोलला नव्हता. जेवलीस का, झोपलीस का, रडलीस का, रड थोडं. मग एकदम म्हणालात, "अमरावतीची मुलगी आठवते?" मला न आठवायला काय झालं. मी वीस वर्षांची, तुमच्या क्लबची चार नंबर. फायनलच्या दिवशी तुम्ही पाच नावं वाचलीत, चौथं नाव माझं नव्हतं, अमरावतीहून आणलेल्या मुलीचं होतं. मी तसंच उभ्या उभ्या ऐकलं होतं, सगळ्यांच्या बरोबर. घरी आपण त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो.

"तुला आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं मी," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आईनंही सांगितलं होतं, तिला आधी सांगा. मी भ्यालो. रडशील म्हणून भ्यालो. आणि आपण जिंकलो ना, मग मला कोणी विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. तू आज हरलीस म्हणून तुला सांगून राहिलो. चुकलं माझं, बेटा. माफ कर. आणि तिलाही सॉरी म्हण आज."

जिन्यातून लोक सँडविच खात वर-खाली करत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. तुम्हाला वाटलं मी हरल्यामुळे रडतेय. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी बघू."

मी संध्याकाळी तिला सॉरी म्हटलं. ती कांदा चिरत होती. "कप जिंकल्यावर सॉरी म्हणायला आलीस? तुझं टायमिंग बघ!" आणि हसली. मग मी तुम्हाला काय सांगितलं ते तिला सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली. "मी सरांना बोलणार नाही. ते मला फोन करतात दर आठवड्याला, विचारतील, मी टाळीन. पण तू सांग. लवकर सांग. ते तुला माफ करून बसलेत, त्यांना माहीत असू दे कुणाला केलं, हरलेलीला की जिंकलेलीला." मी म्हटलं, दिवाळीला. जुलैमध्ये तुम्ही सकाळी ग्राउंडवर शिटी वाजवायला गेलात आणि तिथेच बसलात. उठला नाहीत. आम्ही दोघी एकाच विमानानं आलो.

तेव्हा ऐका, बाबा. आम्ही जिंकलो होतो. दोननं हरलो नव्हतो, अकरानं जिंकलो होतो. मी पासही दिले नव्हते, नेहमीसारखी सरळच मारत होते, आणि सगळं आत जात होतं. कप उचलला तेव्हा मला आनंद झाला होता, भरपूर झाला होता. तुमच्या चौथ्या पर्यायाची त्या दुपारी मला आठवणही आली नाही. हे सगळं ऐकून तुम्ही माफी परत घेतलीत तर ती तुमचीच आहे, घ्या.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एवढं आणखी लिहून ठेवते. उद्या तो फोन पुन्हा लागला आणि तुम्ही "सांग" म्हणालात, तर मी पुन्हा हरलो म्हणूनच सांगेन.