स्तेफनची किल्ली

मी, मालनबाई योहान उजागरे, निवृत्त शिक्षिका, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, असे इथे लिहायची पद्धत आहे. माणसांचे नाही. दुसऱ्या कोणाचे आहे का, ते पुढे कळेल.

१. माझे शिवणयंत्र व दागिने बहिणीची मुलगी चैताली हिला द्यावेत. यंत्रावर तिने शिवावे, कुंड्या ठेवू नयेत.

२. केकचा मोठा साचा शेजारच्या सुंदराबाई यांना. त्याचे झाकण कित्येक नाताळांपासून त्यांच्याकडेच आहे. निदान जोडी पुरी होईल.

३. आता घर. यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझा एकुलता एक मुलगा स्तेफन हडपसरला गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात मारला गेला. मारणाऱ्याचे नाव अनिरुद्ध. त्याला शिक्षा झाली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उभे राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगायचे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी त्याला क्षमा केली आहे. सुटला की माझ्या घराचं दार त्याला उघडं आहे." सगळी मंडळी रडली. मीही रडले. त्या घटकेला ते अगदी खरे होते. पाळकसाहेब हे तुरुंगातल्या उपासनेत जाऊन सांगतील, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते.

अनिरुद्ध सुटला. त्याच्या घरच्यांनी त्याला दारात उभे केले नाही. तुरुंगापासून माझे घर पायी येण्यासारखे, तो आलाच. "बाई, तुम्ही म्हणाला होतात..." एवढे बोलून हातात पिशवी घेऊन तसाच उभा. समोरच्या दारातून सुंदराबाई बघत होत्या. मी काय करणार? म्हटले, "चपला बाहेर काढ."

तेव्हापासून तो मागच्या खोलीत राहतो. ग्रिल बनवणाऱ्याकडे कामाला जातो, जेवणाचे पैसे देतो, ताट घासून ठेवतो. मला आई म्हणायचे नाही हे पहिल्याच दिवशी सांगितले. तो ख्रिस्ती झालेला नाही, मी विचारलेलेही नाही.

फक्त त्याला किल्ली दिली नाही. किल्ली घरच्या माणसाला असते. स्तेफनची किल्ली पोलिसांनी त्याच्या घड्याळाबरोबर परत दिली, ती दारामागच्या खिळ्याला आहे. त्यामुळे अनिरुद्ध संध्याकाळी बेल वाजवतो आणि मी उठून उघडते. देवाने आपल्याला एकदाच क्षमा केली, वधस्तंभावर. मला ती रोज करावी लागते, तीही गुडघे धरून. बहिणीकडे मुक्कामाला जाता येत नाही, कारण हा पायरीवर बसून राहील आणि लोक म्हणतील, बघा मालनबाईंची क्षमा! मीच बोलले, मीच अडकले.

मला त्याचा राग आहे. आजही आहे. हे पाळकसाहेबांना पहिल्यांदाच कळत असेल.

चैताली म्हणते, "मावशी, माफ केलंस, ओके. पण माफ करणं म्हणजे पेइंग गेस्ट ठेवणं नाही ना!" तिचे चुकत नाही. गेल्या वर्षी तिच्या म्हणण्यावरून त्याला जा म्हणायचे ठरवलेही होते. नेमकी त्या संध्याकाळी बेल वाजेना. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, दोनदा जिन्यापर्यंत गेले. त्याचे काही बरेवाईट झाले असेल म्हणून मला भीती वाटली, आणि त्या भीतीचा फार संताप आला. अखेर आला. बस बंद पडली होती म्हणे. मी म्हटले, "आमटी गार झाली." आणि ती पुन्हा गरम करायला ठेवली; जा म्हणायचे राहून गेले.

सबब, या घरात हयातभर राहण्याचा हक्क अनिरुद्धला राहील. त्याच्या पश्चात घर चैतालीचे. तिने मधल्या काळात दाराचे कुलूप बदलल्यास घर मंडळीकडे जाईल. चैताली, रागाव, पण बदलू नको गं.

४. माझे दफन माझे पती योहान व स्तेफन यांच्या कबरीत करावे. अनिरुद्धने मूठमाती द्यायला पुढे यावे. त्याला कोणी अडवू नये, सुंदराबाईंनी तर मुळीच नाही.

५. व्यवस्थापक म्हणून पाळकसाहेबांना नेमते. तुरुंगात निरोप त्यांनी पोचवला, आता त्यांनीच निस्तरावे.

६. दारामागच्या खिळ्यावरची किल्ली अनिरुद्धला द्यावी. शेजारचे भीमराव मघाशी म्हणाले, "अहो बाई, मग आत्ताच देऊन टाका की." देईन. चार वेळा खिळ्यावरून काढलीही. पण दिली, तर उद्या संध्याकाळी बेल वाजणार नाही.

पुणे, १४ नोव्हेंबर २०२४

मालनबाई योहान उजागरे

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार. बाईंनी हे वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली. 'मालनबाई' लिहून झाल्यावर बेल वाजली, म्हणून त्या दार उघडायला गेल्या. उरलेले नाव परत येऊन लिहिले.

१. भीमराव कांबळे
२. डॉ. सुनीती आगाशे