विठाबाईंचं ताट

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३
वृद्धाश्रमात पहिला दिवस. समाजकल्याण कार्यालयाने पाहणीसाठी आठ दिवस दिलेत. फॉर्मवर सतरा प्रश्न, उत्तरं दोनच – समाधानकारक, असमाधानकारक. मधलं काही नाही. माझ्या एका खुणेने कुणाचं नुकसान होऊ नये, एवढंच.

उशांचे अभ्रे उलटून पाहिले, माठात डोकावले, बायकांच्या पाठी नि टाचा पाहिल्या. कुठे जखम नाही. व्यवस्थापिका विमलाबाई हसून म्हणाल्या, आता माझी नखंही बघा. मी खरंच बघितली! केवढी लाज वाटली मग.

मंगळवार, ८
वजनाच्या वहीत एक विचित्र गोष्ट. बावीस बायका. एकवीसजणींचं वजन इथे आल्यावर वाढलंय. पिंपळगावच्या विठाबाईंचं मात्र तीन महिन्यांत एक्केचाळीसवरून पस्तीस किलो. शेरा – भूक नाही. डॉक्टरांना आजार सापडला नाही. आणखी उतरलं तर दवाखान्यात हलवायचं म्हणतात. त्या वयात गेलेलं माणूस परत येतं का?

'भोजन' पुढची जागा कोरी ठेवली.

बुधवार, ९
स्वतः जेवून पाहिलं. बाजरीची भाकरी, मेथी, वरण. आमच्या घरच्यापेक्षा बरं (आईने हे वाचू नये). विठाबाई ताटावर बसतात, भाकरी मोडतात आणि दाराकडे बघत राहतात. घंटा झाली की भरलेलं ताट परत. दात? आहेत. उपास? नाही. भूक नाही, तर मग आवंढा का गिळतात?

गुरुवार, १०
दाराबाहेर काय आहे ते जाऊन पाहिलं. कट्ट्यावर म्हातारे पुरुष, आपल्या पंगतीची वाट बघत. जेवणघर लहान, म्हणून बायका साडेअकराला, पुरुष साडेबाराला.

विठाबाईंना विचारलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. मग –

"गडीमानसं भाईर उपाशी बसेल हाय, अन् मी गिळू व्हय?"

म्हटलं, आजी, त्यांच्यात तुमचं तर कुणीच नाही.

"नसंना का. उपाशी तं हाय."

एवढं सोपं! तीन दिवस मला सुचलं नाही. आमच्याकडे बाबांचा नियम – सगळे एका पंगतीत. बाराखडीसुद्धा त्यांनी मला तिथेच शिकवली, शाळेच्या आधी, ताटाशेजारी भुईवर बोटाने गिरवून. बायका मागून जेवतात हे ठाऊक होतं, पण धड्यात वाचल्यासारखं.

शुक्रवार, ११
विठाबाईंचं एकटीचं ताट झाकून ठेवायला विमलाबाईंची ना – एकीला केलं की सगळ्यांना करावं लागतं. मग म्हटलं, पंगतीच बदला. पुरुष आधी. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, तसं लिहून द्या. दिलं.

रविवार, १३
विठाबाईंनी काल एक भाकरी खाल्ली. आज दीड! वर ताक.

सोमवार, १४
अहवाल पाठवला. सतराही समाधानकारक. पंगतींचा बदल कायम ठेवावा, अशी शिफारस.

मंगळवार, १५
निरोप घ्यायला गेले. साडेअकरा. कट्ट्यावर आता बायका बसलेल्या. येवल्याकडच्या फुलाबाईंनी हाताला धरून शेजारी बसवलं.

"जल्मात पयल्यांदा आधी अन् कढत मिळत व्हतं, पोरी. ते बी तूच काढून घेतलं?"