हाताला न कळणारं पाणी

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मासे कधी येतील, असं तुम्ही विचारलंत. यंदा येणार नाहीत. इथे आम्ही यंत्रांनी मोजलंय, समुद्र नेहमीपेक्षा दोन अंशांनी तापलाय. मासे गारव्याला खोल गेलेत, तिथवर आपलं जाळं पोचत नाही. त्यांच्यामागे दादाला लांब पाठवू नका. तापलेल्या पाण्यावर वादळ बघता बघता वाढतं.

तुम्ही नेहमीसारखा हात बुडवून म्हणाल, "पाणी झकास आहे. पोरीला काय कळतंय?" मागच्या वेळीही असंच म्हणालात आणि काकांना पाठवलंत. परत आली ती नुसती होडी.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र मुद्दाम काकूच्या नावाने पाठवलंय. तीच वाचून दाखवेल.

तुमची,
काही न कळणारी पोर